भाऊजींचा उरलेला

आकड्यांच्या कोष्टकाकडे बघून ज्याला आनंदाच्या उकळ्या फुटतात असा मनुष्य साऱ्या उत्तर अमेरिका खंडात एकच होता, आणि योगायोगाने तो माझा साडू होता. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजीच म्हणू लागलो, आणि तिच्या थोरल्या बहिणीला ताई. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून पुणे आणि पुण्याहून शिकागोजवळचं शॉमबर्ग अशा दोन उड्यांत एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरपुढे येऊन बसलो. आमच्या अपार्टमेंटमध्ये तेव्हा जमिनीवरचा गालिचा सोडला तर काही नव्हतं. पहिल्याच रविवारी भाऊजी त्यांची जुनी लांबलचक गाडी घेऊन आले, मला जय भीम केला, कडकडून मिठी मारली आणि कुणाच्या तरी घरची जुनी गादी आणायला घेऊन गेले. परत येताना गादी टपावर दोरीने बांधलेली, दोरीचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या, आणि बाहेर हिमवर्षाव. अशा अवस्थेत त्यांनी मला राष्ट्राच्या आर्थिक वाढीची मूळ कारणं समजावून सांगितली.

"हे बघ, एका देशाने यंदा शंभर पोती पिकवली. पुढच्या वर्षी एकशेदहा. दहा पोती जास्त कुठून आली? चार आली, कारण माणसं जास्त तास राबली. तीन आली, कारण ट्रॅक्टर वाढले. उरली किती?"

"तीन."

"ती तीन कुणी आणली?"

"कुणी?"

"कुणालाच माहीत नाही यार!" असं ओरडून भाऊजींनी आनंदाने दोन्ही हात वर केले. स्टिअरिंग सुटलं, दोरीही सुटली. आम्ही दोघं वाचलो. गादी मागच्या ट्रकवाल्याने परत आणून दिली, तर भाऊजींनी त्याला थँक यू म्हणण्याआधी, तो दिवसाला किती मैल ट्रक चालवतो आणि पाच वर्षांपूर्वी किती चालवायचा, ते विचारून घेतलं.

तो जो कष्टांनीही समजत नाही आणि यंत्रांनीही समजत नाही असा वाढीचा तुकडा, त्याला भाऊजी 'उरलेला' म्हणत. शिकागोतल्या एका संशोधन संस्थेत ते अर्थशास्त्रज्ञ होते, आणि त्या उरलेल्याचा छडा लावणं हीच त्यांची नोकरी, हाच छंद आणि हेच व्यसन. पण ते त्याच्याबद्दल बोलत ते घर सोडून गेलेल्या हुशार पोराबद्दल बोलावं तसं. "पूर्वी कसा भराभर वाढायचा! मग वीसेक वर्षांपूर्वी रुसला. ऑफिसांत टेबलागणिक कॉम्प्युटर आले, तरी पठ्ठ्या जागचा हलत नाही. पण हलणार बरं का, नक्की हलणार!" त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला शाळेत भावंडांबद्दल विचारलं, तेव्हा तिने शांतपणे सांगितलं होतं, "आय हॅव वन ब्रदर. ही इज मिसिंग." शाळेतून काळजीचा फोन आला. ताईंनी बाईंना सगळा प्रकार समजावायला अर्धा तास घालवला, आणि फोन ठेवल्यावर भाऊजी म्हणाले, "चुकीचं काय बोलली ती?"

त्यांच्याबरोबर घराबाहेर पडणं हे धाडसाचं काम होतं. एकदा आम्ही केस कापायला गेलो. एक म्हातारा पोलिश न्हावी होता, अबोल. भाऊजींनी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, तीस वर्षांपूर्वी एका डोक्याला किती वेळ लागायचा? म्हातारा म्हणाला, वीस मिनिटं. आणि आता? वीस मिनिटं. भाऊजी असे उसळले की कात्री कानाजवळून गेली. "पाहिलंस? नागपूरला सदरमध्ये पण वीसच मिनिटं! कात्री तीच, डोकं तेच, काम तेवढंच. मग ह्याचं घर दोन मजली आणि आमच्या सदरवाल्याची टपरी, असं का?" हे लिहून घ्यायला ते गळ्यात कापड तसंच ठेवून गाडीतली वही आणायला पळाले. परत येईपर्यंत त्यांच्या खुर्चीत दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. एक बाजू कापलेली आणि एक बाजू राहिलेली असे भाऊजी तासभर बाकावर बसून लिहीत होते, आणि इतके खुशीत होते की येणाऱ्या प्रत्येकाला वाटे, ही नवी फॅशन असावी.

घरात तर प्रयोगशाळाच. ताई पोळ्या करत असताना एका तव्यावर ऊर्जा वाया जाते, असा शोध लावून त्यांनी एकदा तीन तवे मांडले. एक लाटणार, दुसरा फिरवणार, तिसरा उतरवणार. लाटायला ताई, फिरवायला मी, आणि उतरवायला, घड्याळ धरायला व आरडाओरडा करायला भाऊजी. पहिली दहा मिनिटं उत्पादन खरोखर दुपटीच्या वर गेलं. मग धुराचा भोंगा वाजला, पाठोपाठ सगळ्या बिल्डिंगचा वाजला, आणि लाल गाडीतून हेल्मेट घातलेले चार धिप्पाड गडी आत आले. बाहेरच्या बर्फात शेजारीपाजारी कुडकुडत उभे, आणि भाऊजी त्या गड्यांना जळक्या पोळ्या खायला देत विचारताहेत, तुमच्या कामाचं माप कसं घेतात हो, विझवलेल्या आगींवरून की न लागलेल्या? त्यातला एक जण विचारात पडला. ताई मात्र दारातून म्हणाल्या, "अहो, हिशेबात धूर धरलात का?" भाऊजींनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली ताईंचं पूर्ण नाव, पदवीसकट.

एप्रिलमधली जयंती आम्ही सगळे एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन करायचो. दूरदूरची कुटुंबं यायची, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनियर, कुणी विद्यार्थी. वंदना, भाषण, मुलांची नाटुकली आणि मग जेवण. जेवणाची रांग तासभर चालायची. एक वर्ष भाऊजींनी वाढण्याची व्यवस्था आपल्याकडे मागून घेतली. टेबलं दोन्ही बाजूंनी लावली, ताटं उलट्या क्रमाने ठेवली, मठ्ठ्याला स्वतंत्र खिडकी. अख्खा हॉल वीस मिनिटांत जेवून उठला. भाऊजी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते. पण पाहुणे वक्ते वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकल्याने त्या वर्षी जेवण भाषणाआधी घेतलं होतं आणि तेही आटपलं होतं, म्हणून लोक सुस्तावून कोट घालू लागले. एक मावशी भाऊजींना येऊन म्हणाल्या, "काय रे, वर्षातून एकदा भेटतो आपण. रांगेतच तर बोलणं होतं सगळ्यांशी. माझ्या पोरीचं लग्न त्या रांगेत जुळलं." भाऊजी जागच्या जागी थिजले. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "मावशी, म्हणजे रांग हा खर्च नव्हता! रांग हेच उत्पादन होतं!" आणि त्यांनी मावशींचे दोन्ही हात हातात घेऊन असे काही हलवले की त्यांच्या बांगड्या वाजल्या. स्वतःची चूक सापडल्यावर इतका खूश होणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील नागपूरच्या कापडगिरणीत होते. साच्यावर म्हणजे मागावर तुटलेला धागा जोडायची त्यांची एक खास पद्धत होती. बोटांची काहीतरी हालचाल. खात्यातले सगळे त्यांच्याकडून शिकले आणि त्या खात्याचं कापड वाढलं. "गिरणीच्या अहवालात लिहिलं होतं, नव्या यंत्रांमुळे वाढ झाली. बाबांनी तो अहवाल माझ्याकडून वाचून घेतला. मी चौथीत होतो. ते म्हणाले, यंत्रं तर जुनीच आहेत रे." एवढं सांगून भाऊजी एकदम उजळून म्हणाले, "उरलेल्यात ना, असे लाखो लोक बसलेत. त्यांना बाहेर काढायचं आहे मला!"

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी भाऊजींच्या संस्थेतला करार संपत आला होता. एकच जागा कायम होणार होती. बँका आणि विमा कंपन्यांच्या ऑफिसांतली उत्पादकता हा त्यांचा अभ्यास. काम किती निघालं ते एका बाजूला, माणसांनी किती तास घातले ते दुसऱ्या बाजूला, आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. तासांचे आकडे कंपन्यांच्या कागदांवरून घेतलेले. खात्री करायला त्यांनी एक दिवस मला विचारलं, "तू आठवड्याला किती तास काम करतोस?"

मी म्हणालो, "चाळीस."

का म्हणालो? एक तर टाइमशीटवर चाळीसच लिहायचे अशी आमच्या कंपनीची तंबी होती, आणि माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच कंपनीच्या हातात होते. दुसरं म्हणजे, त्याहून जास्त वेळ लागतो म्हणजे आपण मठ्ठ आहोत की काय, अशी मनात शंका. भाऊजींनी चाळीस लिहून घेतले आणि माझी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी फोन वाजला. "उठला! अरे उठला तो!" मला वाटलं, शेजारचे कुणी कोमातून उठले. "उरलेला उठला रे! विमा कंपन्यांत अशी उडी आहे की काय सांगू! कॉम्प्युटर अखेर कामाला लागले!" त्या शनिवारी त्यांच्या घरी सगळ्या मित्रमंडळींना पेढे मिळाले. संस्थेचा संचालक खूश होता. त्याने बाहेरगावचे विद्वान बोलावून मोठं चर्चासत्र ठरवलं. जागा भाऊजींचीच, असं संस्थेतल्या कॉफी करणाऱ्या बाईंनीही सांगून टाकलं होतं.

मग एका रविवारी दुपारी भाऊजी आणि ताई आमच्याकडे जेवायला आले. भरल्या वांग्यांवरून गोष्ट निघाली. ताई म्हणाल्या, वांगी आणायला तुम्ही दोघं काल दुकानात गेला होतात वाटतं? माझी बायको सहज म्हणाली, "दोघं कुठले? हा शनिवारी असतो का घरी! शनिवारी ऑफिस, रोज आठ-नऊ वाजेपर्यंत ऑफिस. मी एकटीच बसने गेले होते."

भाऊजींचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीतल्या वरणाकडे पाहिलं.

"चाळीस?" ते हळूच म्हणाले.

"टाइमशीटवर चाळीस," मी म्हणालो. "खरे साठच्या पुढे."

"आणि तुझ्या शेजारच्या टेबलावरचा?"

"तोही. सगळेच, भाऊजी."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. त्यांच्या उडीतला मोठा भाग म्हणजे आम्हा लोकांचे न लिहिलेले शनिवार होते. कॉम्प्युटर नव्हे, आम्हीच. पण भाऊजी उष्ट्या हाताने उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते परिचित उधाण आलं. "म्हणजे मापच खोटं आहे! अरे, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण मोजायचं कसं? तुम्ही तर सगळे खोटं बोलणार." तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "बायकांना विचारा."

पुढचे तीन आठवडे ताई आणि माझी बायको वही घेऊन आमच्या अपार्टमेंटांच्या धुलाईच्या खोलीत बसल्या. तिथे कपड्यांची यंत्रं फिरत असायची आणि सगळ्या बायका यायच्या. नाव लिहायचं नाही, फक्त नवरा कधी गेला, कधी आला. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. एक भात कितव्यांदा गरम केला त्यावरून सांगायची. एकीचं टीव्हीवरच्या कार्यक्रमांवरून ठरलेलं. एकीच्या नवऱ्याची गाडी खिडकीखालीच लागायची. ती म्हणाली, गाडी निघाली की खाली कोरडा चौकोन राहतो, तो बर्फाने भरून जातो, आणि पुरता पांढरा झाला की आणखी तासाने हे येतात. भाऊजी रोज वही वाचत आणि प्रत्येक ओळीला 'वा!' म्हणत. शेवटी गणित परत मांडलं. उडी राहिली, पण अर्ध्याहून कमी.

संचालकाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, आता पाहुण्यांना निमंत्रणं गेली आहेत. हा मुद्दा तळटीपेत घालू. भाऊजी मला हे सांगताना अक्षरशः हसत होते. "तळटीप? यार, हा तर मथळा आहे!"

"भाऊजी, जागेचं काय?" मी विचारलं.

"ती एकच आहे," ते म्हणाले. "त्यावर आपला काही कंट्रोल नाही." पण चर्चासत्राच्या सकाळी त्यांनी टाय तीनदा सोडून पुन्हा बांधला, असं ताईंनी मागाहून सांगितलं.

चर्चासत्राला मी आयुष्यातली पहिली रजा टाकून गेलो. वरच्या मजल्यावरची खोली, काचेतून दिसणारं गोठलेलं सरोवर, लांब टेबलाभोवती गंभीर माणसं. मागच्या रांगेत निळ्या साडीतल्या ताई आणि त्यांच्या शेजारी मी. भाऊजी उभे राहिले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "माझं चुकलं आहे. आणि किती सुंदर चुकलं आहे, ते तुम्हाला दाखवायला मी अधीर झालो आहे!" संचालकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचा पाऊण तास भाऊजी नुसते बरसत होते. धुलाईची खोली, भात, बर्फातला चौकोन, सगळं आलं. संपल्यावर कोपऱ्यातल्या एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं, ज्यांनी हे तास मोजले त्या निरीक्षकांवर किती विश्वास ठेवायचा?

भाऊजी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "सर, वाट त्याच बघत होत्या."

प्राध्यापकांनी खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं. ताई मांडीवरचा पदर सारखा करत राहिल्या.

जागा दुसऱ्याला मिळाली. भाऊजी म्हणाले, चांगला मुलगा आहे, त्याला मिळायलाच हवी होती. पण त्यानंतर दोन दिवस त्यांनी कुणालाही काहीही विचारलं नाही. मी त्यांच्याबरोबर वाणसामानाच्या दुकानात गेलो, तर ते रांगेत नुसते उभे होते, न मोजता. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी पार्किंगमधला बर्फ काढणारा माणूस गोलगोल न फिरता नागमोडी फिरताना त्यांना खिडकीतून दिसला, तेव्हा ते कोट न घालताच खाली धावले. ताईंनी खिडकीतून पाहिलं आणि डोळे पुसले.

वसंतात ते दूरच्या दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलला गेले. जवळच्या एका छोट्या कॉलेजात शिकवायचं काम मिळालं होतं. दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा मला वर्गात घेऊन गेले. समोर दिवसभर राबून आलेले विद्यार्थी होते, एक नर्स, एक गाड्या दुरुस्त करणारा, एक दोन मुलांची आई. भाऊजी प्रत्येकाला विचारत होते, तुझ्या कामात अशी कोणती युक्ती आहे जी कुठेच लिहिलेली नाही? नर्सने घाबरलेल्या माणसाची शीर कशी शोधायची ते सांगितलं. अख्खा वर्ग पुढे झुकून ऐकत होता आणि भाऊजी फळ्यापाशी खडू विसरून उभे होते.

त्या काळी निरोप द्यायला पार विमानाच्या दारापर्यंत जाता यायचं. भाऊजी आले होते. दोन वर्षं मनात ठेवलेलं मी तिथे बोलून टाकलं. "भाऊजी, तेव्हा मी चाळीस म्हणालो नसतो, तर तुमचं पहिलंच गणित बरोबर आलं असतं. ती जागा..."

"अरे वेड्या!" ते मोठ्यांदा म्हणाले. चारजणांनी वळून पाहिलं. "तू खरं सांगितलं असतंस तर मी एक आकडा सुधारला असता, बस्स. तू खोटं बोललास म्हणून कळलं की सगळा देशच चाळीस म्हणतो! असा साडू कुणाला मिळतो?" त्यांनी माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण आमच्या रांगेचं बोलावणं आलं.

मी खिडकीशी बसलो. काचेपलीकडे भाऊजी दिसत होते. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. फरशी पुसणारा एक म्हातारा त्यांना भेटला होता. तो पोछा कसा पिळतो ते दाखवत होता आणि भाऊजी मान डोलावून, हात हवेत गोल फिरवून त्याला काहीतरी विचारत होते. विमान हळूहळू वळलं. ते बघत नाहीत हे ठाऊक असून मी हात हलवला. शेजारच्या बाईंनी हसून विचारलं, "समवन यू नो?" मी हो म्हणालो. त्यांना पुढे काहीतरी सांगावं असं फार वाटलं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना.